गवंड्याला वाचता येईल असं चित्र

तुम्ही लिहिलंय, लेक बारावी सायन्सला आहे, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती, निसर्गचित्रं सुंदर काढते. तिला आर्किटेक्चरला घालावं का? आणि सगळं कॉम्प्युटरवर होत असताना हाताच्या चित्राचा उपयोग काय?

तिचा हात चांगला आहे, याचा मलाही आनंद आहे. पण या क्षेत्रातलं ड्रॉइंग भिंतीवर लावण्यासाठी नसतं, ते कुणाला तरी काहीतरी सांगण्यासाठी असतं. मंजुरीच्या नकाशात नवं बांधकाम लाल आणि पाडायचं पिवळं दाखवतात, म्हणजे नगरपालिकेतल्या अभियंत्याला विचारावं लागत नाही. प्लॅन म्हणजे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर घर आडवं कापून वरून पाहिलेलं दृश्य. जिन्यात डोक्याला बीम लागणार आहे का, हे त्यात समजत नाही, त्यासाठी सेक्शन, म्हणजे घर उभं कापून बाजूने पाहिलेलं दृश्य, लागतो.

मी स्वतः काही वर्षं साइटवर होतो. एका घराच्या दारांची रुंदी मी ९०० मिलिमीटर लिहिली, पण ती चौकटीसकट की आतली मोकळी, हे लिहिलं नाही. गवंड्याने विटकामात ९०० सोडले, सुताराने आत ९०० मोकळे राहतील अशा चौकटी केल्या. चौकटी बसेनात, भिंती फोडाव्या लागल्या. दोघांचंही काम चोख होतं. चूक माझ्या कागदात होती आणि ती मला आजही सलते.

कॉम्प्युटर रेघा सरळ मारतो, पण कोणाला काय सांगायचं ते माणसालाच ठरवावं लागतं. पुण्यात जन्मलेल्या आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींना २०१८ मध्ये आर्किटेक्चरमधला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. त्यांनी आपल्या ऑफिसच्या, ‘संगाथ’ या वास्तूचं चित्र लघुचित्रशैलीत केलं. ज्याला प्लॅन वाचता येत नाही, त्यालाही त्यातून ती जागा कळते.

अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं. प्रवेशासाठी तिला ‘नाटा’ ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा देता येईल. फक्त रंगांतच रमत असेल, तर ललित कलेचा विचार करा, त्यात कमीपणा नाही.

ठरवण्याआधी एक करा. तिला टेप घेऊन स्वयंपाकघर मोजू द्या, १:५० प्रमाणात प्लॅन आणि सेक्शन काढू द्या. तो कागद तुमचं घर न पाहिलेल्या कुणाला तरी द्या आणि दार कुठे उघडतं, ओटा किती उंच, हे विचारा. तो चुकला, तर लेक त्याच्यावर चिडते की खोडरबर घेऊन पुन्हा बसते, ते बघा आणि मला कळवा.