लॉ स्कूल निवडताना वर्णवैविध्याचे आकडे कसे वाचावेत

ताई, तुम्ही लिहिलंत की तुमच्या लेकीला जेडीसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या वकिलीच्या पदवीसाठी, दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. मिडवेस्टमधलं (देशाच्या मध्य-उत्तर भागातलं) स्कूल फीचा मोठा भाग माफ करतंय, पण तिथे बहुतेक मुलं गोरी. किनाऱ्यावरचं स्कूल मिश्र आहे, पण तिथे कर्ज काढावं लागणार. तिच्या बाबांचं म्हणणं असं की शिकायला जायचं तर शेजारी कोण बसतं याचा काय संबंध. मी इथेच जेडी केलं, पुढे बरीच वर्षं वकिली केली, आणि प्रवेशाच्या दिवसांत आपल्याकडच्या मुलांशी नेहमी बोलणं होतं. त्या अनुभवावरून सांगते, संबंध आहे आणि तो थेट अभ्यासाशी आहे. मात्र माहितीपत्रकातल्या 'विविधता ३५ टक्के' अशा ओळीवरून तो कळत नाही.

पहिल्या वर्षाची रचना आधी समजून घ्या. काँट्रॅक्ट्स, टॉर्ट्स, प्रॉपर्टी, सिव्हिल प्रोसिजर अशा विषयांत बहुतेक ठिकाणी जवळजवळ सगळे गुण सत्राअखेरच्या एकाच परीक्षेवर असतात. ग्रेड कर्व्हवर, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत, ठरतात; कोणीतरी खाली राहणारच. आणि उन्हाळ्यातली नोकरी, लॉ रिव्ह्यू (विद्यार्थी चालवतात ते कायद्याचं नियतकालिक), न्यायाधीशांकडची क्लर्कशिप हे सगळं या पहिल्या ग्रेडवर उभं राहतं. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, तेव्हा तपासणाऱ्याला रंग दिसत नाही. फरक पडतो तो परीक्षेच्या आधी. कोणत्या प्राध्यापकांना उत्तरात काय हवं असतं, कोणाची जुनी आउटलाइन (साऱ्या विषयाची आटोपशीर टिपणं) भरवशाची, कोणत्या फर्मला कधी अर्ज करायचा, हे वर्गात कोणी शिकवत नाही. ज्यांच्या घरात वकील आहेत त्यांना ते आधीपासून माहीत असतं. बाकीच्यांना ते वरच्या वर्गातल्या मुलांकडून कळतं, आणि ती मुलं बहुतेक वेळा आपापल्या विद्यार्थी संघटनेतून भेटतात. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची अशी संघटना १९६८ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत सुरू झाली. पुढे लॅटिनो, आशियाई, दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांच्याही झाल्या. आपले पालक त्यांना दिवाळीचा कार्यक्रम करणारं मंडळ समजतात. मला माझ्या सिव्हिल प्रोसिजरच्या आउटलाइन्स अशाच संघटनेतल्या एका वरच्या वर्गातल्या मुलीने दिल्या, आणि त्याच प्राध्यापकांच्या जुन्या प्रश्नपत्रिका शेजारी बसून सोडवून घेतल्या. संघटनेत चारच मुलं असतील तर ही साखळी दरवर्षी तुटते.

हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९५० मध्येच ओळखलं होतं. टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलनं हेमन स्वेट यांना ते कृष्णवर्णीय म्हणून प्रवेश नाकारला, आणि खटला चालू असताना राज्यानं त्यांच्यासाठी वेगळं स्कूल काढून दिलं. कोर्टानं इमारत, ग्रंथालय, प्राध्यापक यांची तुलना केलीच. पण पुढे जाऊन हेही म्हटलं की राज्यातले ८५ टक्के लोक ज्या गटांतले, ज्यांच्यात बहुतेक वकील, साक्षीदार, ज्यूरी आणि न्यायाधीश येतात, त्यांना वगळून चालणाऱ्या शाळेत वकिलीचं शिक्षण पुरं होत नाही. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. वेगळं बसवलेल्या विद्यार्थ्याचं काय हिरावलं जातं, ते त्यात नेमकं सांगितलंय.

आता वर्गातल्या वागणुकीबद्दल. ड्रेड स्कॉट (कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणारा निकाल) किंवा कोरेमात्सु (दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना घरांतून हलवणं वैध ठरवणारा निकाल) शिकवायची वेळ आली की काही प्राध्यापक वर्गातल्या एकमेव कृष्णवर्णीय किंवा जपानी वंशाच्या मुलाकडे वळतात, जणू त्याच्या साऱ्या समाजाचं मत त्यानंच द्यायचं. माझ्या वर्गात हे घडलं. त्या मुलानं शांतपणे कायद्याचा मुद्दा मांडला, पण त्यानंतर कितीतरी दिवस तो स्वतःहून हात वर करत नसे. आम्हा दोन भारतीय मुलींची नावं एक प्राध्यापक सत्रभर अदलाबदल करून घेत. वरवर किरकोळ वाटेल, पण प्राध्यापकांचं शिफारसपत्र मागायची वेळ येते तेव्हा ते किरकोळ राहत नाही. आपल्यासारखी चार-सहा मुलं असली की 'प्रतिनिधी' होण्याचं हे ओझं वाटलं जातं.

आणि हा इतिहास आपल्यालाही सोडून गेलेला नाही, हे तिच्या बाबांना जरूर सांगा. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. थिंद यांचे वकील होते कॅलिफोर्नियातले सखाराम गणेश पंडित. निकालानंतर सरकारनं खुद्द पंडितांचंच नागरिकत्व काढून घ्यायला खटला भरला. तो त्यांनी लढवला आणि जिंकला. लॉ स्कूलमध्ये जाणाऱ्या प्रत्येक भारतीय मुलीला हे नाव माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

सध्याची स्थितीही लक्षात ठेवा. २००३ मध्ये मिशिगन लॉ स्कूलच्या ग्रुटर खटल्यात प्रवेश देताना वंश हा एक घटक धरायला कोर्टानं मान्यता दिली होती. जून २०२३ मध्ये हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या खटल्यात ती वाट बंद झाली. पुढच्या वर्षी हार्वर्ड लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षात १९ कृष्णवर्णीय विद्यार्थी आले, आधीच्या वर्षी ते ४३ होते. देशभरातली संख्या मात्र तशी कोसळली नाही. म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर विसंबू नका, आणि एका स्कूलवरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

मग बघायचं कुठे? एबीएच्या, म्हणजे अमेरिकन बार असोसिएशनच्या, नियमानुसार प्रत्येक मान्यताप्राप्त स्कूलला दरवर्षी 'स्टँडर्ड ५०९' अहवाल आपल्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. त्यात किती मुलं आली याच्या पलीकडे जा. पहिल्या वर्षानंतर किती गळली, हे त्यात वंशनिहाय दिलेलं असतं. गळलेल्यांत एखाद्या गटाचं प्रमाण त्याच्या वर्गातल्या प्रमाणाहून बरंच जास्त असेल, तर तिथे मुलांना आत घेतात पण सांभाळत नाहीत. सशर्त शिष्यवृत्ती किती जणांना मिळाली आणि त्यांतल्या किती जणांची कमी किंवा रद्द झाली, हेही त्यातच असतं. तुम्हाला मिडवेस्टचं पत्र पुन्हा वाचायला सांगते ते यासाठीच. 'अमुक जीपीए राखला तर' अशी अट असेल, तर कर्व्हमुळे काहींची शिष्यवृत्ती जाणारच. आणखी एक गोष्ट: एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरची भारतीय मुलं या तक्त्यात 'आशियाई' म्हणून मोजली जात नाहीत, त्यांचा रकाना वेगळा असतो. तुमची लेक न्यूजर्सीत जन्मलेली, ती आशियाईत मोजली जाईल. आणि त्या रकान्यात कोरियन, चिनी, गुजराती, तेलुगू सगळे एकत्र असतात.

माझा कौल विचाराल तर, शिष्यवृत्ती बिनशर्त असेल आणि गळतीचे आकडे ठीक असतील, तर मिडवेस्टला जाऊ द्या. तिला नागरी हक्कांचं काम करायचंय असं तुम्ही लिहिलंय, आणि मोठं कर्ज डोक्यावर असलं की मुलं नाइलाजानं मोठ्या फर्मकडे वळतात. पण अनामत भरण्याआधी तिला एक दिवस तिथे पाठवा. पहिल्या वर्षाच्या एका वर्गात मागे बसू दे, आणि प्रवेश विभागानं निवडून दिलेल्या मुलांऐवजी दक्षिण आशियाई आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनांच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांना तिनं स्वतः ईमेल करून भेटावं. आउटलाइन कोण देतं, मागच्या वर्षी कोण सोडून गेलं आणि का, एवढंच विचारायचं. आणि दोन्ही ५०९ मधले गळतीचे आणि शिष्यवृत्तीचे आकडे इथे टाका, मी बघून सांगते.