वाचक विचारतात : बोट सात-आठ तासच थांबणार, तेवढ्यात गाव कसं बघायचं?

यावेळी बोटीच्या सहलीवरचे प्रश्न खूप आलेत. आपल्या खान्देशाला समुद्र नाही, तरी जळगाव-धुळ्याकडची माणसं आता क्रूझ बुक करतायत आणि जाण्याआधी नीट विचारून घेतायत, हे वाचून खूप बरं वाटलं. सँटोरिनीचं उत्तर मोठं झालंय, कारण तिथली गर्दी सगळ्यात अवघड आहे.

प्रश्न : आम्ही जळगावचे, मी शाळेतून रिटायर झालो. मुलाने सप्टेंबरमधली ग्रीसची क्रूझ बुक केलीय, पिरेअसहून निघते, त्यात कुशादासी आहे आणि एक दिवस सँटोरिनी. बोट सकाळी ७ ला पोचते, शेवटची टेंडर (परत नेणारी छोटी बोट) दुपारी ३:३० ची. मिसेसचे गुडघे दुखतात. ओळखीचे लोक म्हणतात तिथे अख्खा दिवस रांगेतच जातो, खाली उतरूच नका. काय करावं?

सर, उतरायचंच. एवढ्या लांब जाऊन ते गाव बोटीच्या डेकवरून बघायचं, हे मला पटत नाही. पण तिथे जागा कशी आहे ते आधी समजून घ्या म्हणजे गर्दी कुठे अडवते ते कळेल.

सँटोरिनी म्हणजे फुटलेल्या ज्वालामुखीची कड, साधारण ३६०० वर्षांपूर्वीच्या स्फोटाने मधला भाग खचला, तिथे समुद्र शिरला आणि गावं राहिली वर कड्यावर. पाणी इतकं खोल आहे की मोठी बोट धक्क्याला लागतच नाही, मध्येच थांबते आणि छोट्या बोटीतून, म्हणजे टेंडरमधून, तुम्हाला कड्याच्या पायथ्याशी सोडतात. त्या जागेला स्काला म्हणतात, जुनं बंदर. तिथून वर 'फिरा' नावाच्या गावात जायला तीनच वाटा : केबल कार, पायऱ्या, नाहीतर गाढवं-खेचरं.

आता केबल कारचं गणित बघा. एका फेरीत सहा डबे, एका डब्यात सहा माणसं, म्हणजे ३६. प्रवास तीनेक मिनिटांचा. एका मोठ्या बोटीतून चार हजार माणसं उतरली तर नुसत्या त्यांनाच वर न्यायला शंभरावर फेऱ्या, आणि त्या दिवशी बंदरात तीन बोटी असल्या तर काय होत असेल तुम्हीच बघा. चैत्रोत्सवात वणीच्या गडावर ट्रॉलीला जशी लाइन लागते तशी इथे सीझनमध्ये रोज लागते. २०२५ पासून दिवसाला क्रूझचे ८००० प्रवासी अशी मर्यादा घातलीय, त्याने फरक पडतो, पण १५-१६ हजार वस्तीच्या बेटावर आठ हजार म्हणजे काही कमी नाहीत.

पायऱ्या ५८८ आहेत असं सांगतात, काठाला आकडे पण रंगवलेत. पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत, त्यामुळे खालून बघितलं की वाटतं जमेल. काकूंना तिकडे अजिबात नेऊ नका. दगड झिजून गुळगुळीत झालेत, त्याच वाटेने जनावरं येतात-जातात त्यामुळे शेण पडलेलं असतं, वर सावली नाही, आणि गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो हे तुम्हाला माहीतच आहे. तिथे एक बाई अर्ध्या वाटेत भिंतीला टेकून दोन्ही हातांनी गुडघे धरून बसलेल्या मी बघितल्यात, वर पण जाता येईना आणि खाली पण येववेना. खेचरावर बसायचं म्हणत असाल तर तेही नको, २०१८ मध्ये ग्रीसने नियम केला की जनावरावर १०० किलोपेक्षा जास्त किंवा त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं घालायचं नाही, तो का करावा लागला ते त्या उन्हात त्यांना बघितलं की कळतं.

मग करायचं काय? तुमच्यासाठी मी बोटीची स्वतःची टूर घ्या असंच सांगेन. एरवी मी प्रत्येक बंदराला कंपनीची महागडी टूर घ्या असं कोणाला सांगत नाही, पण टेंडरच्या बंदरात तिचे दोन मोठे फायदे आहेत. टूरवाल्यांना आधी उतरवतात, आणि बऱ्याच टूरची टेंडर स्कालाला न जाता अथिनिओस नावाच्या दुसऱ्या बंदराला जाते, तिथून बस वळणावळणाने थेट वर चढते, म्हणजे सकाळची केबल कारची लाइन लागतच नाही. बुक करताना मुलाला एवढंच विचारायला सांगा की टूर अथिनिओसहून सुरू होते का आणि संपते कुठे. बहुतेक वेळा ती फिरामध्ये संपते आणि खाली यायचं तिकीट हातात देऊन मोकळं सोडतात. उतरायची लाइन मग तुमची तुम्हालाच लावायची असते.

म्हणून दिवस उलटा मोजा. शेवटची टेंडर ३:३० ची, तर केबल कारच्या लाइनीत तुम्ही दीडला उभे पाहिजेत. दोन तास जास्त वाटतील, पण तीन बोटींची माणसं एकाच वेळी खाली निघतात आणि त्या लाइनीला ऊन लागतं, बसायला जागा नाही. दीडला लाइन म्हणजे साडेबाराला फिरामध्ये, म्हणजे कड्यावरचं दुसरं गाव ओइया, तिथून बाराच्या आत निघायचं. सकाळी लवकर उतरलात तर ओइयामध्ये अडीच-तीन तास मिळतात, तेवढे पुरतात. ती निळ्या घुमटांची फोटोतली जागा ओइयामध्येच आहे, नऊच्या आधी गेलात तर गल्लीतून चालता तरी येतं, अकरानंतर पुढच्याच्या पाठीला लागून सरकायचं. ओइयाला गल्ल्यांमध्ये पायऱ्या आहेतच, काकूंना मुख्य वाटेवरच ठेवा, ती बरीच सपाट आहे, आणि कड्याकडेच्या एखाद्या कॅफेत अर्धा तास निवांत बसवा. तिथून खाली दिसणारा समुद्र आणि मधलं काळं बेट, हेच तर बघायला गेलात ना, दुकानं काय कुठेही आहेत. सूर्यास्ताचा नाद तुम्हाला सोडावाच लागेल, तोपर्यंत बोट निघून गेलेली असेल.

टूर फुल झाली असेल तर अजून एक रस्ता आहे. स्कालाला उतरल्या उतरल्या धक्क्यावर बोटवाले असतात, ते पाण्यातूनच ओइयाच्या पायथ्याला नेतात, तिथून बसने वर ओइयाला आणि नंतर बसने फिराला. केबल कारला रांग आणि इकडे मोकळं असं पुष्कळदा असतं. फक्त घेताना विचारा, परतीची बस कितीला.

जाण्याच्या आधी मुलाला क्रूझमॅपर या वेबसाइटवर त्या तारखेला बंदरात किती बोटी आहेत ते बघायला सांगा. एकच बोट असेल तर माझं वरचं निम्मं उत्तर विसरून आरामात फिरा. आणि जून ते सप्टेंबर सँटोरिनी-मिकोनोसला क्रूझच्या प्रवाशाला माणशी २० युरो शुल्क आहे, जुलै २०२५ पासून लागलंय, ते बोटीच्या बिलात आलं तर घाबरू नका.

हो, कुशादासी तुर्कस्तानात येतं! म्हणजे शेंगेनच्या (एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या) बाहेर जाऊन परत आत यायचं, सिंगल एंट्री व्हिसा चालणार नाही, मल्टिपल एंट्रीच मागा. तुर्कस्तानचा व्हिसा लागेल का ते कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या, एजंटच्या तोंडी 'काही लागत नाही' वर जाऊ नका.

प्रश्न : मी धुळ्याची. आमच्या क्रूझमध्ये 'रोम' लिहिलंय पण बंदराचं नाव चिविताव्हेक्किया. नकाशात तर रोम बरंच आत दिसतं. नऊ तासांत कोलोसियम, व्हॅटिकन म्युझियम, फवारा सगळं होईल का? कंपनीची टूर खूप महाग आहे.

ताई, सगळं नाही होणार. रोम तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे, बंदराच्या गेटपासून रोमच्या मधोमध पोचेपर्यंत दोन तास धरा, परतीचे दोन, वर एक तास राखीव. नऊमधले चार राहिले. चार तासांत एकच मोठी गोष्ट आणि तिच्या आजूबाजूचं, बस्स. यात टूर न घेता स्वतः जाणं मात्र अगदी जमण्यासारखं आहे. बंदरात फुकट शटल असते ती लार्गो देल्ला पाचेला सोडते, तिथून लोकल बस किंवा वीसेक मिनिटं चालत रेल्वे स्टेशन, मग रोमची ट्रेन. व्हॅटिकन बघायचं असेल तर तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनपर्यंत जायचंच नाही, आधीच्या सान पिएत्रोला उतरायचं, तिथून सेंट पीटर्स चालत जाता येतं. कोलोसियम हवं तर तेर्मिनीला जाऊन मेट्रो.

कागदाचं तिकीट गाडीत चढण्याआधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्या, हे आपल्याकडे नसतं म्हणून लोक विसरतात आणि टीसी दंड करतो. वार बघा : रविवारी व्हॅटिकन म्युझियम बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडं आणि तेव्हा फुकट, म्हणजे गर्दीला काही विचारूच नका. बुधवारी सकाळी पोपची सभा असते, चर्चमध्ये जाणं अवघड. कोलोसियमचं तिकीट वेळेचं आणि नावावर असतं, घरूनच काढा. सेंट पीटर्सला खांदे-गुडघे झाकलेले लागतात, तुमची साडी-ड्रेस चालेल, मुलांच्या हाफ पॅन्ट अडवतील. इटलीत रेल्वेचे संप होतात, ते आधी जाहीर होतात, दोन दिवस आधी बघून ठेवा आणि संप असला तर तेव्हा मात्र पैसे जाऊ दे, कंपनीची टूर घ्या. तिला उशीर झाला तर बोट थांबते, तुमच्या ट्रेनला उशीर झाला तर बोट थांबत नाही, पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने जावं लागतं.

प्रश्न : भुसावळहून. रेल्वेत नोकरी झाली त्यामुळे टाइमची सवय आहे. बोटीवर म्हणे 'शिप टाइम' वेगळा असतो आणि मोबाइल आपोआप भलताच टाइम दाखवतो?

भाऊ, बरोबर ऐकलंत. बोट कधी कधी बंदराच्या वेळेप्रमाणे घड्याळ बदलत नाही, आणि फोन मात्र किनाऱ्यावरचा टॉवर पकडून लगेच बदलतो. एक तासाचा फरक पडला की गडबड. रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा कागद येतो नाहीतर ॲपवर दिसतं, त्यात 'ऑल अबोर्ड' म्हणजे सगळ्यांनी बोटीवर परतायची वेळ असते, ती बोट सुटायच्या अर्धा-एक तास आधीची असते आणि तुमची वेळ तीच. त्या कागदाचा फोटो काढून ठेवा, त्यावर बंदरातल्या एजंटचा नंबर पण असतो. आणि हाताला साधं काट्याचं घड्याळ बांधा, शिप टाइमला लावलेलं. फोन समुद्रात असताना एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर बोटीवरचं सॅटेलाइटचं नेटवर्क पकडतो आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बसत नाही, बिल येतं हजारोंनी.

प्रश्न : आम्ही रावेरचे केळीवाले. युरोपात बोटीवरून उतरताना सोबत घरचं खायला, केळी वगैरे नेलं तर चालतं का? बाहेरचं खाणं आम्हाला झेपत नाही.

नाना, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट सांगतो : युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून ताजं फळ आणायचं तर रोगमुक्तीचं सरकारी सर्टिफिकेट लागतं, पण पाच फळांना सूट आहे, अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. म्हणजे कायद्याने तुमचं केळ पास! पण बोटीवाले बुफेतलं अन्न खाली न्यायला बहुतेक ठिकाणी मनाई करतात, गँगवेवर, म्हणजे बोटीतून उतरायच्या पुलावर, बॅग बघतात, आणि दर देशाचा नियम वेगळा, म्हणून उतरताना पिशवीत फळ नकोच. घरून निघताना पेढे, तूप, पनीर असलं दुधाचं काही घेऊ नका, बाहेरून युरोपात दुधाचे-मटणाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. घरी केलेलं खाणं बोटीवर पण बहुतेक कंपन्या घेत नाहीत. कंपनीपॅक शेव, चिवडा, बिस्किटं असू द्या, सील न फोडलेली. बंदराच्या दिवशी सकाळी बोटीवरच पोटभर नाश्ता करून उतरा, रिकामी बाटली सोबत ठेवा, रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, पाणी चांगलं असतं.

प्रश्न : नंदुरबारहून. युरोप आमच्या बजेटमध्ये नाही, मुंबईहून कोचीची क्रूझ घेतोय. एका दिवसात कोची कसं करावं?

कोची सोपं आहे, छान आहे, बिनधास्त स्वतः फिरा. बोट विलिंग्डन बेटाच्या बाजूला लागते, तिथून फोर्ट कोची रिक्षाने जवळ. बाहेर पडल्यावर धक्क्याच्या गेटवरच्या पहिल्या रिक्षावाल्याशी घासाघीस करत बसू नका, थोडं पुढे चालत या किंवा ॲपवरून गाडी मागवा. सकाळी आधी मासे पकडायची चिनी जाळी बघा, मग सेंट फ्रान्सिस चर्च, वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला तेव्हा त्याला आधी तिथे पुरलं होतं, नंतर लिस्बनला नेलं. दुपारी मट्टनचेरी. फक्त वार बघा, मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि ज्यूंचं देऊळ शुक्रवार-शनिवार, तुमची बोट शुक्रवारी पोचत असेल तर मट्टनचेरीला मसाल्याच्या गल्लीतच फिरा आणि उरलेला वेळ वॉटर मेट्रोच्या बोटीला द्या, फोर्ट कोचीहून हायकोर्ट जेट्टीला जाऊन परत यायचं. आणि नंदुरबारहून त्याच दिवशी सकाळी पोचणाऱ्या गाडीवर बोट धरू नका, आदल्या दिवशीच मुंबईत मुक्कामाला या.