वहीतल्या बंदिशी बाहेर कशा काढू?

प्रश्न: आमच्या गाण्याच्या बाईंनी चाळीसेक बंदिशी (रागात बांधलेल्या रचना) बांधल्यात, सगळ्या वहीतच पडून आहेत. लोकांपर्यंत कशा न्यायच्या? (एक शिष्या, कोथरूड)

उत्तर: आधी बाईंच्याच आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, आजच, कारण नोटेशनमधे (लिहिलेल्या स्वरलिपीत) सूर, मात्रा, सम (तालाची पहिली मात्रा) सगळं कळतं पण मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) समेवर कसा झुकतो ते कागदावर उतरतच नाही. मग तुम्ही स्वतः गा ना! गायिका प्रभाताई अत्रे आपल्या बंदिशी मैफलीत गायच्या, मारुबिहाग रागातली ‘जागू मैं सारी रैना’ तशीच लोकांच्या ओठी बसली. सवाई गंधर्व महोत्सवाची वाट कशाला बघायची, पेठेतल्या घरगुती बैठकीला वीस माणसं पुरे, फक्त गाण्याआधी रचना कुणाची ते नाव घेऊन सांगा, बरेच जण सांगतच नाहीत आणि मला फार लागतं ते.