वासराची हगवण, बाळाचे जुलाब: फिनेल मारून भागेल का?

प्रश्न (ता. शिराळा, जि. सांगली): आमच्या गाईच्या बारा दिवसांच्या वासराला पिवळी, पाण्यासारखी हगवण लागली आहे. गोठा पडवीला लागूनच आहे. कालपासून दीड वर्षाच्या मुलालाही जुलाब होत आहेत. वासरामुळे झालं असेल का? गोठ्यात रोज फिनेल टाकतो, मुलाला जंताचं औषधही दिलंय.

उत्तर: ताई, आधी मुलाचं बघा. ओआरएस लगेच सुरू करा, अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका, झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्या. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसलं, तर थांबू नका, दवाखाना गाठा. आणि घरात आजारी वासरू आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

वासरापासून लागण होऊ शकते. महिन्याच्या आतल्या वासरांत क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी नेहमी आढळतो. पातळ शेणातून त्याच्या सूक्ष्म पुटी (म्हणजे कवचात बंद असलेलं त्याचं रूप) प्रचंड संख्येने पडतात, आणि मोजक्या पोटात गेल्या तरी पुरे होतं. कोलकात्यासह आशिया-आफ्रिकेतल्या सात ठिकाणच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तान्ह्या बाळांच्या गंभीर जुलाबांच्या कारणांत रोटाव्हायरसखालोखाल हाच होता. मात्र तो माणसाकडून माणसालाही लागतो, तेव्हा तपासणीआधी वासरालाच दोष देऊ नका. शौचाच्या साध्या तपासणीत तो सहसा सुटतो. टीबीच्या थुंकीसाठी वापरतात तशा रंगाने शौचाचा नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

जंताच्या औषधाने हा परजीवी जात नाही. फिनेलचंही तेच. या पुटींना जाड कवच असतं. फिनेल, ब्लिचिंग, हाताला लावायचं सॅनिटायझर, कशालाच त्या दाद देत नाहीत. त्या मरतात त्या उकळत्या पाण्याने आणि कडक वाळण्याने. म्हणून वासराचं शेण व ओलं गवत रोज खरवडून काढा, जमिनीवर आणि दुधाच्या बादलीत उकळतं पाणी ओता, मग जागा उन्हात खडखडीत वाळू द्या. ओल्या गोठ्यात कितीही वासाचं औषध टाकलं तरी उपयोग शून्य.

वासराला पशुवैद्यकाला दाखवा, वेगळं बांधा. पुढच्या वासराला जन्मल्यापासून दोन तासांच्या आत पोटभर चीक पाजा.

घरात दोन गोष्टी ताबडतोब थांबवा. या वासराच्या शेणाने सारवू नका, मूल त्याच जमिनीवर रांगतं आणि हात तोंडात घालतं. आणि पौष्टिक म्हणून धारोष्ण दूध मुलाला पाजू नका, उकळूनच द्या. खरवस वाफवलेला असतो, त्याची भीती नाही.

वासराचं करणाऱ्याने चपला गोठ्यातच ठेवाव्यात, कपडे बदलावेत, साबणाने हात धुऊनच मुलाला उचलावं. जुलाब थांबल्यावरही मुलाच्या शौचातून काही आठवडे पुटी पडू शकतात. तोवर त्याची शी धुतल्यावरही तितक्याच काळजीने हात धुवा, विशेषतः स्वयंपाकाला बसण्याआधी.