आदिवासी लोकांच्या संघटना नुसत्या मोर्चे काढतात की कारभारात पण त्यांचा काही हात असतो?

दोन्ही, पण देश बघून प्रमाण बदलतं. नॉर्वेतल्या सामी लोकांचंच घ्या. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या भागातल्या आल्टा नदीवर धरण बांधायचं ठरलं तेव्हा त्यांनी ऑस्लोत थेट संसदेसमोर उपोषण केलं. धरण काही थांबलं नाही, झालंच, पण त्या आंदोलनाचा दबाव एवढा राहिला की १९८९ ला काराशोकमध्ये सामी संसद सुरू झाली, निवडून आलेली ३९ जणांची. आता ही संसद सगळे कायदे करते असं समजू नका हं, तिचे अधिकार मर्यादितच आहेत, भाषा, संस्कृती, शिक्षण वगैरे आणि बाकी बऱ्याच गोष्टींत सरकारने तिच्याशी सल्लामसलत करायची. पैसा सरकारकडूनच येतो, त्यामुळे माझ्या मते खरी स्वायत्तता अर्धीच.

जमिनीच्या बाबतीत मात्र जरा दम आहे, कारण २००५ च्या कायद्याने फिनमार्कची (नॉर्वेचा उत्तरेकडचा भाग) जमीन सांभाळणारं जे मंडळ आलं त्यात ६ पैकी ३ सदस्य सामी संसद नेमते.

इक्वेडोरमधली आदिवासींची संघटना कोनाए वेगळ्या धाटणीची, ती १९८६ ला स्थापन झाली आणि १९९० च्या उठावात त्यांनी रस्ते अडवून देश ठप्प केला होता. शेवटी २००८ च्या राज्यघटनेत देशाला 'बहुराष्ट्रीय', म्हणजे एकाच देशात अनेक राष्ट्रं असलेला, म्हटलं गेलं, ही त्यांची जुनी मागणी.

आणि रोजच्या जगण्यात म्हणाल तर न्यूझीलंडमधले माओरी बघा, १९८२ पासून त्यांच्या बालवाड्या पूर्ण माओरी भाषेत चालतात, कोहांगा रेओ म्हणतात त्यांना.