बाळ पिताना ठसकतं, सोडून रडतं... म्हणजे दूध कमी पडतंय का?

"मॅडम, बाळ दोन मिनिटं पितं, मग सोडून देतं आणि रडरड रडतं, माझं दूध पुरत नाहीये बहुतेक." स्तनपान समुपदेशक म्हणून नाशिकमध्ये काम करताना हा प्रश्न सारखा येतो. काही जणींचं खरंच कमी पडत असतं, म्हणून वजन बघितल्याशिवाय मी हो पण म्हणत नाही आणि नाही पण. पण काही जणींचं दुखणं बरोब्बर उलटं असतं, दूध जास्त असतं आणि घरातले सगळे मिळून ते अजून वाढवायच्या मागे लागलेले असतात.

अशीच एक मुलगी सिडकोतून आली होती (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). सव्वा महिन्याचं बाळ, पहिलंच, सोबत निफाडहून आलेल्या सासूबाई. आल्या आल्या सासूबाईंनी यादीच वाचली, अळिवाचे लाडू झाले, मेथीचे झाले, दोन वेळा दुधातून शतावरी चालू आहे, बाजरीची भाकरी आणि लसूण रोज, तरी पोराचं पोट काही भरत नाही. मुलगी बिचारी गप्प. तिच्या कुर्त्यावर दोन्ही बाजूंना ओले डाग आणि आत घड्या घातलेलं कापड, ते बघूनच मला निम्मं कळलं होतं.

बाळाचं कार्ड मागितलं. जन्माचं वजन २ किलो ९००, आणि आज काट्यावर ठेवलं तर साडेचार किलो! या वयात दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढलं तरी आपण खूश असतो, हा पठ्ठ्या त्याच्या बराच पुढे. सासूबाईंना काटा दाखवला तर म्हणाल्या, "मग रडतो कशाला?"

म्हटलं, चला पाजून दाखव. ती ताठ बसून बाळावर वाकली, बाळानं तोंडात घेतलं, पहिलं अर्धा मिनिट छान. मग पान्हा फुटला आणि बाळ घटाघटा गिळायला लागलं, टक टक आवाज, ओठाच्या कडेनं दूध खाली ओघळतंय, मुठी आवळलेल्या, मग ठसका लागला आणि मान मागे टाकून त्यानं सोडूनच दिलं. सोडल्याबरोबर दुधाची बारीक चिळकांडी थेट माझ्या टेबलावरच्या वहीवर. दुसऱ्या बाजूनं टॉवेल भिजतोय तो वेगळाच. बाळ रडायला लागलं आणि सासूबाई लगेच, "बघा, हेच म्हणत होते मी!"

शी कशी होते विचारलं तर हिरवी, फेसाळ, फुसफुस करत जोरात होते, पोटात गॅस, मधूनच गुळणी. हेही यात बसतं. फीडच्या सुरुवातीचं दूध पातळ असतं, छाती रिकामी होत जाते तसतसा त्यातला स्निग्धांश वाढतो. दूध फार असलं की बाळाचं पोट त्या पातळ दुधानंच भरतं, ते आतड्यातून भराभर पुढे सरकतं आणि त्यातली साखर नीट पचत नाही, म्हणून गॅस आणि हिरवी शी. पोट भरलेलं असतं पण कळ येते म्हणून बाळ परत चोखायला मागतं आणि आपल्याला वाटतं भुकेलंय. नुसती शी हिरवी झाली म्हणून दूध जास्त असं मात्र समजू नका हं, बाकीचं चित्र जुळायला हवं.

आता मुख्य गोष्ट. तिनं कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं होतं की प्रत्येक फीडनंतर छाती पूर्ण रिकामी केलीच पाहिजे, म्हणून दिवसरात्र पंप चालू, आणि घरी फ्रीजरमध्ये मटारच्या पिशव्यांशेजारी दुधाच्या पिशव्यांची चळत लागलेली. पहिले काही दिवस दूध हॉर्मोनच्या जोरावर येतं, पण नंतर शरीर हिशोब ठेवतं, जेवढं बाहेर गेलं तेवढं परत बनवायचं, आणि छातीत शिल्लक राहिलं तर बनवण्याचा वेग कमी करायचा. म्हणजे पंप हा रतीबच झाला, रोज एक लिटर जादा उचललं की दूधवाला उद्याही तेवढंच आणणार, त्याला काय माहीत घरात माणसं किती!

मग ठरवलं ते असं. पंप एकदम बंद नाही करायचा, एकदम थांबवला की गाठी धरतात, थोडा थोडा कमी करायचा. छाती फार दाटली तर हातानं बरं वाटेल इतकंच काढायचं, रिकामं होईपर्यंत नाही. शतावरी आणि लाडू बंद. (यांनी दूध खरंच किती वाढतं यावर मला शंकाच आहे, पण इथे वाढवायचंच नाहीये तर द्यायचं कशाला.) पाजताना मागे रेलून बसायचं, उशा लावून, बाळ अंगावर पालथं, म्हणजे दुधाला वर चढावं लागतं आणि धार मंदावते. पान्हा फुटला की बाळाला क्षणभर बाजूला करून पहिली जोराची धार कापडात जाऊ द्यायची, मग परत लावायचं. तिथेच करून बघितलं, ठसका एकदाच लागला आणि बाळ पीत पीतच झोपलं. सासूबाई पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत.

याशिवाय ब्लॉक फीडिंग. म्हणजे साधारण तीन तास बाळानं कितीही वेळा मागितलं तरी एकाच बाजूला लावायचं, पुढचे तीन तास दुसरी बाजू. न वापरलेल्या बाजूला दूध साठतं आणि तिकडचं उत्पादन हळूहळू उतरतं. पण हे वाचून कुणीही आपलं आपण सुरू करू नका प्लीज. बाळ महिन्याचंही नसेल तर दूध अजून आपोआप जुळून येत असतं, आणि वजन नीट वाढत नसेल तर हा प्रकार नुकसानच करेल. कुणीतरी जाणकार बघत असताना, थोडेच दिवस, दर आठवड्याला वजन करून.

दोन दिवसांनी तिचा रडत फोन, उजवीकडे काखेजवळ गाठ लागतेय, मालीशवाली बाई म्हणते गरम शेक देऊन दाबून मोकळी करते. नको म्हटलं! जोरात चोळून आतली सूज वाढते. २०२२ मध्ये अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेनं सुधारलेल्या मार्गदर्शनातही हेच आहे, जोराची मालीश नको, रिकामं करायच्या नादात पंप नको, थंड शेक आणि सूज-दुखण्याची गोळी, तीही डॉक्टरांना विचारून. कोबीची गार पानं ठेवली तरी बरं वाटतं, ती नाशकात काय कमी आहेत. बाळाला त्या बाजूला पाजत राहायचं. दुसऱ्या दिवशी गाठ विरली. पण ताप १०१ च्या वर, थंडी वाजून येणं, छातीवर लाल चट्टा असं काही असेल तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांकडे जायचं. गाठ काही दिवसांत गेली नाही तरीही. आणि पंप-लाडू काही नसताना दूध फारच असेल तर थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध बनवायला लावणारं हॉर्मोन) तपासायला सांगतात. दूध कमी करायची औषधं असतात, पण ती मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणायची नाहीत.

फ्रीजरमधल्या दुधाचं काय, हा प्रश्न नवऱ्याचा. शेजारच्या बाळाला देऊ का म्हणाला. भावना चांगली, पण तपासणीशिवाय नको. मिल्क बँकेत आईच्या रक्ताच्या तपासण्या होतात, दूध पाश्चराइज होतं, मग ते कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना देतात. मुंबईत सायन हॉस्पिटलला डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली बँक आशियातली पहिली. घरी साठवलेलं दूध प्रत्येक बँक घेतेच असं नाही, आधी फोन करून विचारायचं. विकायचा विचार तर डोक्यातही नको, त्याला परवानगी नाही हे एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. हिला पुढे अंबडच्या कंपनीत परत रुजू व्हायचंच होतं, त्यामुळे पिशव्यांवर तारखा टाकून ठेवल्या, नीट गोठलेलं दूध सहा महिने चालतं.

"पण मॅडम, असं करता करता पूर्ण आटलं तर?" ही भीती सगळ्यांनाच. त्यासाठीच वजन आणि लंगोट बघायचे. दिवसात सहा किंवा जास्त ओले लंगोट आणि वजन वाढतंय तर काळजी नाही. छाती मऊ लागायला लागली, गळणं थांबलं, बाळ शांत पितंय, की ब्लॉक फीडिंग बंद करून नेहमीसारखं, बाळ मागेल तसं. हिचं आठवड्याभरात तिथपर्यंत आलं. पुढच्या वजनाला बाळ वाढलंच होतं, थोडं हळू, त्यावर सासूबाई म्हणाल्या, "जरा वाळलाय का हो?" साडेचार किलोच्या पुढचं बाळ आणि वाळलाय! परत काटा दाखवला, आणि पुढच्या आठवड्यात परत यायला सांगितलं.