वागेनिंगेनला पीएचडीला यायचंय? मग आधी विषय नीट ठरव

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की एमएस्सी ॲग्री झालंय, जेनेटिक्स अँड प्लांट ब्रीडिंगमध्ये, नेदरलँड्सला वागेनिंगेन युनिव्हर्सिटीत पीएचडी करायचीय, विषय 'फूड सिक्युरिटी', नवरा आयटीत आहे तो पण बरोबर येणार, तर आधी पैसे भरून तिथलं मास्टर्स करू का डायरेक्ट पीएचडीला अर्ज करू, क्रिस्परचं (जीन एडिट करायच्या तंत्राचं) काय, आणि पुढेमागे परत यायचं झालं तर याचा उपयोग काय. ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करते. मी इथे बटाट्याच्या करप्यावर पीएचडी केली आणि मग इथेच राहिले, त्यामुळे इथलं सांगू शकते, जर्मनी-ऑस्ट्रेलियाचं दुसऱ्या कोणाला विचार.

सगळ्यात आधी, इथे पीएचडीला ॲडमिशन घेत नाहीत गं, नोकरी लागते. जागा निघते, त्या जागेचा प्रोजेक्ट ठरलेला असतो, फंडिंग मंजूर झालेलं असतं, गाइड कोण तेही लिहिलेलं असतं, आणि आपण त्या एका जागेसाठी अर्ज करायचा. फी वगैरे काही नाही, उलट पगार मिळतो, सगळ्या डच युनिव्हर्सिट्यांच्या सामायिक करारात तो ठरलेला असतो, सुरुवातीला महिना तीन हजार युरोच्या आसपास ग्रॉस, म्हणजे कर कापायच्या आधी, वर ८ टक्के सुट्टीचा भत्ता आणि ८.३ टक्के वर्षअखेरचा. एकूण चार वर्षं, पण पहिलं काँट्रॅक्ट बहुतेक दीड वर्षाचंच असतं आणि त्याच्या आत गो-नो-गो मीटिंग होते, तिथे पुढे चालू ठेवायचं का नाही ते ठरतं. ही मीटिंग नुसती फॉर्मॅलिटी समजू नकोस. जागा बघायला युनिव्हर्सिटीचं स्वतःचं व्हेकन्सी पेज, ॲकॅडेमिकट्रान्सफर आणि युराक्सेस या वेबसाइट, एवढं रोज चाळलं तरी पुरे.

म्हणून मास्टर्सचं माझं मत नको असंच आहे. युरोपबाहेरच्यांना फी वर्षाला वीस हजार युरोच्या घरात, दोन वर्षं, राहण्याखाण्याचा खर्च वेगळा, आणि तुझ्याकडे थीसिससकट एमएस्सी आहेच. शिवाय दोन गोष्टी एजंट लोक कधीच सांगत नाहीत. एक म्हणजे इथली ३० टक्के रुलिंग नावाची करसवलत, बाहेरून बोलावून घेतलेल्या माणसाच्या पगाराचा तेवढा भाग पाच वर्षं करमुक्त राहतो (२०२७ पासून २७ टक्के होणार आहे), पण अट अशी की नोकरी लागण्याआधीच्या २४ महिन्यांपैकी १६ महिन्यांहून जास्त तू डच सीमेपासून दीडशे किलोमीटरच्या बाहेर राहिलेली हवीस, म्हणजे इथेच मास्टर्स करून इथेच पीएचडीला लागलीस की गेलं ते हातचं. दुसरं म्हणजे युरोपियन युनियनच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागा, पगार चांगला, दोन-तीन देशांत काम करायला मिळतं, पण त्यात मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. तू आत्ता भारतात बसलीयेस ना, या दोन्ही नियमांत तीच तुझी जमेची बाजू आहे आणि तीच पैसे भरून घालवायची म्हणतेस. फील्डच बदलायचं असेल, म्हणजे ब्रीडिंग सोडून पूर्ण बायोइन्फर्मॅटिक्सकडे जायचं असेल, तर मास्टर्सचा विचार समजू शकते, नाहीतर नाही.

आता मुद्द्याचं. 'फूड सिक्युरिटीवर काम करायचंय' एवढ्यावर इथे कोणी दारात उभं करणार नाही, कारण त्या पाटीखाली इतकी वेगवेगळी कामं चालतात की तुझा रोजचा दिवस कसा जाणार तेच त्यावरून कळत नाही. वागेनिंगेनमध्ये पीएचडीवाले ग्रॅज्युएट स्कूल्समध्ये विभागलेले असतात. ईपीएस म्हणजे एक्सपेरिमेंटल प्लांट सायन्सेस, तिथे जीन, रोगप्रतिकार, प्रकाशसंश्लेषण, सगळं लॅब आणि ग्रीनहाऊसमध्ये. पीई अँड आरसी म्हणजे प्रॉडक्शन इकॉलॉजी अँड रिसोर्स कन्झर्वेशन, तिथे पीक, माती, पाणी, शेती-पद्धती, मॉडेलिंग. सी. टी. डी विट या डच शास्त्रज्ञाने पिकांच्या वाढीचं गणित मांडायला सुरुवात केली ते इथेच, आणि एखाद्या भागात पाणी-खत पुरेपूर मिळालं तर पीक किती येऊ शकतं आणि प्रत्यक्षात किती येतं यातली दरी देशोदेशी मोजणारा ग्लोबल यील्ड गॅप ॲटलासही वागेनिंगेन आणि अमेरिकेतल्या नेब्रास्का युनिव्हर्सिटीने मिळून केलाय. तिसरं डब्ल्यूएएसएस, सामाजिक शास्त्रांचं, तिथे बाजार, धोरण, बाईच्या नावावर जमीन आहे का नाही असले प्रश्न. यातल्या पहिल्यात गेलीस तर चार वर्षं शेतकऱ्याशी एक शब्द न बोलता डॉक्टर होशील, दुसऱ्यात वर्षातले काही महिने आफ्रिकेत किंवा आशियात प्लॉटवर असशील, तिसऱ्यात पिपेटला हात लागणार नाही. तिन्ही आपापल्या जागी चांगलं आहे, पण चुकीच्या ठिकाणी चार वर्षं काढणं फार जड जातं, आणि असे लोक मी पाहिलेत, हुशार, मेहनती, आणि तिसऱ्या वर्षी रोज सकाळी उठायचा कंटाळा आलेले.

पहिल्या प्रकारातलं काम कसं असतं ते माझ्याच उदाहरणावरून सांगते, म्हणजे तुला तुझं ठरवता येईल. बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा, फायटॉफ्थोरा, ज्याने १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ पाडला तोच, इथले शेतकरी त्याच्यासाठी एका हंगामात दहा-पंधरा फवारण्या करतात. एखाद्या वाणात प्रतिकारशक्ती आहे का बघायची तर रोपावरून पान तोडायचं, ट्रेमध्ये उलटं ठेवायचं, देठाला ओलावा राहील असं बघायचं. बुरशीचे स्पोअर पाण्यात घेऊन (खरं तर ती बुरशी नाहीच, पण सगळे म्हणतात तसंच म्हणते) फ्रिजमध्ये ४ अंशाला दोनेक तास ठेवायचे, गारठ्याने त्यातून पोहणारे झूस्पोअर बाहेर येतात, मायक्रोस्कोपखाली मोजायचे, मग प्रत्येक पानावर १० मायक्रोलिटरचा थेंब, ट्रे झाकून १५ अंशाला. पाच-सहा दिवसांनी डागाची लांबी-रुंदी कॅलिपरने. शेकडो पानं. मग पुढच्या आठवड्यात तेच परत, कारण एकदा आलेला रिझल्ट कोणी मानत नाही. हे वाचून मजा वाटली असेल तर ईपीएसकडे बघ, जांभई आली असेल तर दुसरीकडे बघ, मी खरंच सांगतेय.

अर्जाचं. मोटिव्हेशन लेटरची सुरुवात '२०५० पर्यंत जगाची लोकसंख्या' अशी करू नकोस, हात जोडते. निवड समितीने ते वाक्य इतक्यांदा वाचलेलं असतं की डोळा आपोआप खालच्या ओळीवर जातो. अन्नसुरक्षा म्हणजे नुसतं उत्पादन नाही हे पण त्यांना पाठ आहे, १९९६ च्या रोमच्या जागतिक अन्न परिषदेपासून उपलब्धता, पोहोच, अंगी लागणं, टिकून राहणं अशा चारही बाजू धरतात, तेव्हा तुझा प्रोजेक्ट यातल्या कुठल्या बाजूला हात घालतो ते एका वाक्यात लिही आणि पुढे लगेच तू स्वतः काय केलंयस त्यावर ये. जाहिरातीतला प्रोजेक्ट घे, त्या ग्रुपचे दोन-तीन पेपर खरंच वाच, आणि तुझ्या एमएस्सीच्या कामाचा त्याच्याशी कुठे सांधा जुळतो ते लिही. इंटरव्ह्यूत थीसिस मांडायला सांगतात आणि मग विचारतात, हेच डिझाइन का घेतलं, काय बिनसलं, आता परत केलं तर काय बदलशील. आपल्याकडे आरबीडी डिझाइन, तीन रिप्लिकेशन, ओपीस्टॅट या आकडेमोडीच्या प्रोग्रॅममध्ये डेटा टाकला, सीडी (फरक खरा का ते सांगणारा आकडा) आली, संपलं, असं चालतं, 'गाइड म्हणाले म्हणून' हे उत्तर इथे चालत नाही. आर ही आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा शिक, आजपासून, मिक्स्ड मॉडेलपर्यंत शिक, आणि तुझा जुना डेटा त्यात परत चालवून बघ, इंटरव्ह्यूत सांगायला त्याच्यासारखी दुसरी गोष्ट नाही.

क्रिस्परचं विचारलंस त्यात एक गंमत आहे. युरोपियन कोर्टाने जुलै २०१८ मध्ये ठरवलं की जीन-एडिटेड झाडांनाही जीएमचेच (जनुकीय बदल केलेल्या पिकांचेच) नियम लागणार, त्यामुळे लॅबमध्ये हवं ते करा पण शेतात लावायचं म्हटलं की परवानग्यांचा ढीग. २०२३ मध्ये युरोपियन कमिशनने नियम सैल करायचा प्रस्ताव आणला, त्यावर मग बरीच घासाघीस झाली. वागेनिंगेननेच २००६ ते २०१५ ड्युर्फ नावाचा प्रोजेक्ट चालवला, जंगली बटाट्यांतले करप्याला दाद न देणारे जीन लागवडीच्या वाणात घातले, प्लॉटवर ते चाललेही, तरी नियमांपायी ते बटाटे शेतकऱ्यापर्यंत गेले नाहीत. आणि भारताने मार्च २०२२ मध्ये, ज्यात बाहेरचा जीन राहत नाही अशा एडिटेड झाडांना बऱ्याच जीएम नियमांतून सूट दिली, मे २०२५ मध्ये भाताचे दोन एडिटेड वाण जाहीरही झाले. म्हणजे हे तंत्र शेतात उतरवायचंच तुझं स्वप्न असेल तर शिकायला ये, पण करायला कदाचित परतच जावं लागेल.

अजून एक, यात भले भले अडकतात. 'आमच्याकडची तूर घेऊन येते, तिच्यावर काम करीन' असं मनात असेल तर बॅगेत बियाणं टाकून आणू नकोस. युरोपात बी आणायला रोग-कीड नसल्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं, आणि भारतातून संशोधनासाठी जर्मप्लाझम (बी, रोपं वगैरे) बाहेर न्यायचं तर जैवविविधता कायदा २००२ आहे, चेन्नईच्या नॅशनल बायोडायव्हर्सिटी ऑथॉरिटीचा विषय येतो. काही पिकं देवाणघेवाण सोपी व्हावी म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय बियाणे कराराच्या यादीत आहेत, तूर आहे, पण भुईमूग आणि सोयाबीन नाहीत. हे कागद व्हायला महिनोन् महिने जातात, म्हणून इंटरव्ह्यूतच विचार की मटेरियल कुठून येणार आणि करार झालाय का. प्रोजेक्ट सुरू होऊन वर्ष झालं आणि बी अजून कस्टममध्ये, असं होतं.

कागदपत्रं पटकन सांगते. परमिट रिसर्चरचं असतं, अर्ज युनिव्हर्सिटीच करते, तू फक्त एमव्हीव्हीचा, म्हणजे प्रवेश व्हिसाचा, स्टँप घ्यायला जायचं. जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला दोन्ही अपॉस्टिल (परदेशात चालेल असा सरकारी शिक्का) करून घे, तिथे असतानाच, इथे आल्यावर नगरपालिकेत नोंदणीला मागतात आणि मग आईवडिलांना मंत्रालयाच्या खेटा घालायला लागतात. हेल्थ इन्शुरन्स चार महिन्यांच्या आत, महिना दीडशे युरोच्या आसपास, आणि वर्षाला पहिले ३८५ युरो आपल्या खिशातले. ३० टक्क्यांचा अर्जही पहिल्या चार महिन्यांत झाला तरच सुरुवातीपासूनचा फायदा मिळतो. नवऱ्याला वेगळं वर्क परमिट लागत नाही, तुझ्या परमिटवर तो कुठेही नोकरी करू शकतो, फक्त त्याला सांग की जमलं तर ऑफरवर सही भारतात असतानाच कर, नाहीतर त्याची ३० टक्के रुलिंग बहुतेक जाते. वागेनिंगेनला रेल्वे स्टेशन नाही, बसने शेजारच्या एडे गावाला जायचं, तिथून युट्रेक्ट अर्ध्या तासाच्या आत, ॲमस्टरडॅम तासाभरावर, त्यामुळे आयटीवाल्यांची सोय एडेत राहून चांगली होते. घर मात्र डोकेदुखी. एका बेडरूमला हजार-बाराशे युरो सहज जातात, मिळायलाही वेळ लागतो, आणि घर न बघता डिपॉझिट मागणारा प्रत्येक जण चोर समज. त्या पत्त्यावर नोंदणी करू देणार का हे आधी विचार, देणार नसेल तर घर कितीही छान असो, सोड.

परत जायचं म्हणशील तर, सरकारी कृषी विद्यापीठांत जागा कधी निघतील त्यावर भरवसा ठेवून योजना करू नकोस. डीबीटीची (केंद्र सरकारच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाची) रामलिंगस्वामी री-एंट्री फेलोशिप परत येणाऱ्यांसाठीच आहे, हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे, आणि बियाणे कंपन्या आहेत, इथल्या एन्झा झाडेन, राइक झ्वान वगैरेंचा भारतातही कारभार आहे. परत जायचं नक्की असेल तर सँडविच पीएचडी पण बघ, त्यात सुरुवातीचे आणि शेवटचे महिने वागेनिंगेनला, मधलं प्रत्यक्ष काम आपल्या देशात, फक्त तिथे पगार नसतो, स्कॉलरशिप आपली आपण उभी करावी लागते आणि तुझ्या तिकडच्या संस्थेचा भक्कम पाठिंबा लागतो.

तर आता या तीन स्कूल्समधल्या प्रत्येकी दोन-दोन पीएचडी जाहिराती काढून नवऱ्याला बरोबर घेऊन वाच, आणि कुठलं काम करावंसं वाटतं ते मला कळव, मग लेटरचा ड्राफ्ट बघते. एक फक्त, एप्रिल-मेमध्ये पाठवलास तर उत्तराला उशीर होईल, तेव्हा ग्रीनहाऊसमधून डोकं वर काढता येत नाही.